नाकासमोर बघून चालू नकोस, गं

अगं, आधी एक कर. ती ड्रॉइंग गुंडाळून ठेव, पिरंगुटच्या त्या शेडला कुलूप लाव आणि घरी जाऊन नीट जेव. तुझा निरोप वाचला. सीट बसवलीस, तिच्यावर बसून पाहिलंस आणि समोर इंजिनाच्या काउलिंगशिवाय, म्हणजे त्याच्या आवरणाशिवाय, काहीच दिसेना, म्हणून तुझं अवसान गळालं. एवढी मेहनत करून मी आंधळं विमान बांधतेय का, असं विचारतेस. खरं सांगू का, हा प्रश्न तुला आत्ता पडला हे फार बरं झालं. पॅनेल कापायच्या आधी पडला, कॅनोपीची, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाची, चौकट पक्की व्हायच्या आधी पडला. नंतर पडला असता तर केलेलं सगळं उकलावं लागलं असतं.

आणि हे पहिल्यांदा डोक्यातून काढ की यात तुझं काही चुकलंय. नाकात इंजिन असलेल्या प्रत्येक छोट्या विमानात ही कुरबुर असतेच. इंजिन जड, ते तोलासाठी पुढे हवं. त्याच्यामागे तू. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून अंग बारीक आणि बुटकं ठेवायचं, मग डोळे आपोआप खाली येतात. वेग हवा तर नजर थोडी सोडावी लागते, नजर हवी तर वेग. चार्ल्स लिंडबर्गनं १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिस गाठलं, साडेतेहेतीस तास एकटा. त्याच्या विमानाला समोर काचच नव्हती बघ. पेट्रोलची मोठी टाकी त्यानं मुद्दाम आपल्यापुढे ठेवली होती, कारण विमान आपटलं तर टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये त्याला चिरडून जायचं नव्हतं. बाजूच्या खिडक्यांतून बघायचा, आणि एक छोटा पेरिस्कोप होता. तुझी अवस्था त्याच्यापेक्षा कितीतरी बरी आहे.

आपल्याकडचंच बघ. मुळशीच्या माणसापुढे टाटा म्हटलं की त्याला धरण आठवतं, सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो, बुडालेली गावं आठवतात, आणि ते आठवायलाच हवं. पण त्याच घराण्यातल्या जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते पस मॉथमधून. ते विमान जमिनीवर शेपटी टेकवून आणि नाक वर करून उभं राहायचं. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ एकटीनं उडवलं, तेही तसंच नाकवर. समोरचं दिसत नाही ही जुनी गोष्ट आहे, आणि तिच्यावर तोड काढणाऱ्या बायकाही जुन्या आहेत.

आता वही काढ. बारावीचं गणित आठवायची गरज नाही, भागाकार येतो ना तेवढा पुरे. सीटवर नेहमी बसशील तशी बस, आणि डोळ्यापासून काउलिंगच्या सगळ्यात उंच पुढच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर मोजायला कुणालातरी सांग. समजा ते १२० सेंमी आलं. मग डोळा त्या कडेपेक्षा किती उंच आहे ते मोज. समजा १५ सेंमी. १२० भागिले १५ म्हणजे ८. याचा अर्थ विमान सपाट उभं असेल तर तुझा डोळा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या आठपट अंतरावरची जमीन तुला पहिल्यांदा दिसेल. डोळा दीड मीटर उंच असेल तर बारा मीटर. त्याच्या अलीकडचं सगळं नाकाखाली झाकलेलं. आता पाच सेंमीची उशी घे. १२० भागिले २०, म्हणजे सहा. डोळाही पाच सेंमी वर गेला, तरी बारा मीटरचे साधारण सव्वानऊ झाले. पाच सेंमीत जवळजवळ पावणेतीन मीटर जमीन मिळाली, गं! इंजिन हलवलं नाहीस, काउलिंग कापलं नाहीस, काही नाही.

अंशांत बोलायचं तर पहिल्या मापात तुझी नजर क्षितिजाखाली साधारण सात अंश जाते, दुसऱ्यात साडेनऊ. छोट्या खाजगी विमानांत हा कोन पाच ते दहा अंश धरतात, म्हणजे तू अगदी चारचौघींत आहेस. पण शेपटीखाली चाक असलेलं विमान, ज्याला सगळे टेलड्रॅगर म्हणतात, ते जमिनीवर बारा अंश नाक वर करून उभं राहिलं, तर सातातून बारा वजा कर. उत्तर उणे येतं. म्हणजे तुझी सरळ नजर जमिनीला कुठेच लागत नाही, ती आकाशात जाते. तुझं विमान शेपटी टेकवून उभं असेल, तर तुला काल हेच दिसलं, आणि तू त्याला स्वतःचा दोष समजून बसलीस.

उशीवर मात्र थांबू या, कारण इथं मला तुला थोडं दटावायचं आहे. घरातली सोफ्याची मऊ गादी उचलून तिथं ठेवशील, तर माझ्याशी गाठ आहे. मऊ फोम दोन कारणांनी नको. एक म्हणजे तो दबतो. तू मापं घेतलीस तेव्हाची उंची आणि अर्ध्या तासानंतरची उंची वेगळी होते, मग रनवे रोज वेगळा दिसतो. दुसरं कारण गंभीर आहे. विमान जोरात आदळलं तर मऊ गादी आधी पूर्ण दबते, तोवर सीट थांबलेली असते आणि तुझं अंग अजून खाली येत असतं. तो धक्का मणक्यावर येतो. म्हणून विमानाच्या सीटसाठी हळू दबणारा, सावकाश परत येणारा घट्ट फोम वापरतात. तोच आण. आणि तो सीटला पक्का बांध. टेकऑफच्या वेळी विमान पुढे झेपावतं तेव्हा सुटी उशी मागे सरकते, तिच्याबरोबर तू सरकतेस, आणि पाय रडरच्या पेडलवरून सुटतात. सीट मागेपुढे होणारी असेल तर तिची खिटी बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय थ्रॉटलला हात लावायचा नाही.

उंची वाढवली की बाकीचं सगळं पुन्हा तपासायचं. पाय पुरतात का, पेडल शेवटपर्यंत दाबताना कंबर सीटवरून उचलली जाते का. पुरत नसतील तर पेडलवर ठोकळे बसव, पण बोल्टनं, चिकटपट्टीनं नाही. डोकं कॅनोपीला लागतं का, तेही हेडसेट घालून बघ, कारण सह्याद्रीच्या वाऱ्यात विमान उसळतं तेव्हा डोकं वर जातंच. खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवरून किंवा जरा वरून यायला हवेत. तू उंच झालीस आणि पट्ट्यांचा खुंटा खालीच राहिला, तर अपघातात ते तुला खाली दाबतील. पाठीमागे उशी घालून पुढे सरकलीस तर तोलही थोडा पुढे जातो, तेव्हा अंतिम वजन करताना तू त्याच उशांसकट सीटवर बसलेली हवीस.

आणि तुझी उंची कमी आहे म्हणून मनात जी टोचणी आहे ना, तिच्याबद्दल. आपल्या हवाई दलात वैमानिक व्हायला किमान उंची १६२.५ सेंमी लागते हे तुला माहीत आहे, ते तू तीनदा बोलून दाखवलंयस. पण त्यांच्या यादीत बसल्यावरची उंची वेगळी मोजतात, पायाची लांबी वेगळी, मांडीची वेगळी. का? कारण उभी असताना तू किती उंच आहेस याला कॉकपिटमध्ये काही अर्थ नसतो. डोळा कुठे येतो आणि पाय कुठे पोहोचतात एवढंच महत्त्वाचं. त्यांचं कॉकपिट आधीच बनलेलं असतं, म्हणून त्यांना माणूस निवडावा लागतो. तुझं कॉकपिट अजून बनायचंय. तू ते स्वतःच्या मापानं शिव. दुसऱ्या कुणाच्या सहा फुटी अंगाचा आराखडा तुझ्या गळ्यात कशाला?

त्यासाठी एक स्वस्तातलं काम सांगते. पॅनेलचा पत्रा कापण्याआधी प्लायवुड आणि पुठ्ठ्याचा सांगाडा उभा कर. काउलिंगची कड, पॅनेलची वरची रेघ, कॅनोपीची कमान, सगळं खऱ्या मापाचं. त्यात बस, रोज बस. चहा घेत बस. बाबांना बसव, त्या भुगावच्या मैत्रिणीला बसव. पुठ्ठा कापायला पाच मिनिटं लागतात, पत्रा पुन्हा करायला पाच आठवडे. पॅनेलची वरची रेघ दोन सेंमी खाली घेता आली तरी घे. तिथं एखादं मीटर कमी बसलं तर बसू दे, जागा हवी म्हणून नजर विकू नकोस. आणि योग्य जागी बसलीस की डोळ्याच्या रेषेत कॅनोपीच्या चौकटीवर टेपची छोटी खूण कर. पुढे प्रत्येक उड्डाणाआधी त्याच खुणेशी डोळा आणायचा. लँडिंगचा अंदाज सगळा त्या एका जागेवर अवलंबून असतो.

आता चाकाचा प्रश्न. तुला शेडमधली मुलं सांगतात की टेलड्रॅगर उडवतो तोच खरा पायलट. हे बोलणं या कानानं ऐक आणि त्या कानानं सोड. टेलड्रॅगरचे फायदे खरे आहेत. खडबडीत मातीच्या पट्टीवर ते टिकतं, वजन थोडं वाचतं, नाकाचं चाक मोडायची भीती नाही. पण तू डांबरी धावपट्टीवर उडणार आहेस, पहिलंच विमान आहे, आणि तुझ्या पोटात गोळा येण्याचं कारण पुढचं न दिसणं हेच आहे. मग नाकाखाली चाक घे ना. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेनच्या आरव्ही-६ ची दोन्ही रूपं आहेत, शेपटीचाकाचं आरव्ही-६ आणि नाकचाकाचं आरव्ही-६ए. तेच विमान, तेच इंजिन, फक्त दुसरं जमिनीवर सपाट उभं राहतं आणि समोरचा रस्ता दिसतो. बर्ट रुटाननं तर इंजिनच पाठीमागे नेलं, त्याच्या लाँग-ईझीमध्ये पायलटपुढे इंजिनच नाही. पण तू आता तेवढं उलटंपालटं करायला जाऊ नकोस.

तरी टेलड्रॅगरच हवं असं तू ठरवलंस, तर तेही जमेल, मी अडवणार नाही. फक्त सरळ चालायचं नाही. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चाकांवर चालताना, नाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, सापासारखं वळत जायचं. ताम्हिणी घाटात पुढे उसाचा ट्रक आला की आपण गाडीतून जरा बाजूला झुकून पुढचं बघतो ना, तसंच. डावीकडे वळलीस की उजव्या खिडकीतून पुढचा रस्ता तपास, उजवीकडे वळलीस की डावीकडून. माणसाच्या चालण्याएवढाच वेग ठेव. दिसत नसेल तर थांब. थांबल्याबद्दल तुला कुणी हसणार नाही, आणि हसलं तर हसू दे.

टेकऑफला हा आंधळेपणा फार वेळ टिकत नाही. वेग आला की स्टिक पुढे ढकलली जाते, शेपटी उचलते आणि अख्खा रनवे समोर उघडतो. तेवढ्या थोड्या सेकंदांत पुढे बघायचा हट्ट सोडून दोन्ही कडांना धावपट्टी सारखी दिसतेय का एवढंच बघायचं. डावीकडची पट्टी रुंदावली की तू उजवीकडे चाललीस. लँडिंगच्या शेवटीही तेच. डोळे नाकावर खिळवू नकोस, बाजूनं आणि लांब बघ.

उतरताना एक जुनी युक्ती आहे. स्पिटफायरचं नाक एवढं लांब होतं की त्याचे वैमानिक वळण घेत घेतच धावपट्टीकडे यायचे आणि अगदी शेवटी सरळ व्हायचे. वळणात नाक बाजूला असतं, रनवे खिडकीत दिसत राहतो. तुझ्या विमानाला फ्लॅप असतील तर ते सोडल्यावर नाक खाली येतं आणि दृश्य मोकळं होतं. नसतील तर साइडस्लिप शीक, म्हणजे एक पंख खाली, उलटा रडर, विमान किंचित तिरकं उतरतं आणि तिरक्या नाकाशेजारून पट्टी दिसते. पण हे सगळं दोन आसनी विमानात प्रशिक्षक शेजारी असताना. हे मी बजावून सांगते. वाचून स्लिप येत नाही, आणि कमी वेगात रडरचा खेळ जीव घेतो. चढताना मात्र सगळेच विसरतात. विमान सात-आठ अंश नाक वर करून चढत असतं, म्हणजे तुझा सात अंशांचा सगळा ऐवज तिथं संपतो. म्हणून थोड्या थोड्या वेळानं नाक खाली कर किंवा सौम्य वळण घे आणि पुढची हवा बघून घे. आपल्याकडे घारी असतात, आणि दऱ्यांतून उच्चदाबाच्या तारा जातात.

मुळशीत उडायचं म्हणून आणखी एक गोष्ट, जी सपाट मुलुखातल्या पुस्तकात तुला ठळक सापडणार नाही. अँबी व्हॅलीची धावपट्टी आपल्याच तालुक्यात आहे, भोवती कोरीगड आणि सह्याद्रीच्या रांगा. तिथं हवेत असताना समोर दिसणारी डोंगराची कड हे क्षितिज नव्हे. खरं क्षितिज त्या कडेच्या खाली, डोंगराच्या पायथ्याच्या आसपास असतं. तू नाक त्या कडेशी जुळवलंस तर नकळत नाक वर जातं, वेग पडतो, आणि वर नाक गेल्यावर पुढचं आणखी कमी दिसतं. म्हणून डोंगरात वेगाचा काटा सतत नजरेत ठेव. धरणाच्या शांत पाण्यावर उंचीचा अंदाज चुकतो, किनाऱ्याकडे बघ. आणि पाऊसकाळात सकाळी धुकं असेल तर विमान शेडमध्येच राहू दे. २ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी बावधनजवळ हेलिकॉप्टर कोसळलं, तिघं गेले. त्या सकाळीही धुकं होतं. नाकावरून बघायचे सगळे उपाय धुक्यात शून्य आहेत.

आता कॅनोपीच्या काचेकडे ये. ती काच नाही, ॲक्रिलिक आहे, आणि तिला घरातला आरशांचा स्प्रे चालत नाही. अमोनिया असलेल्या द्रावणानं ॲक्रिलिकला बारीक बारीक तडे जातात. पेट्रोल, थिनर तर जवळसुद्धा आणू नकोस. अंगठ्या, बांगड्या काढ. भरपूर पाणी सोडून आधी नुसत्या हातानं धूळ ओघळू दे, मग सौम्य साबण, मग जुन्या धुतलेल्या मऊ सुती कापडानं वरखाली पूस, गोल गोल नको. गोल ओरखडे मावळतीच्या उन्हात सगळीकडून चमकतात आणि समोर प्रकाशाची जाळी होते. काउलिंगचा वरचा भाग आणि पॅनेलचं कपाळ मॅट काळं रंगव. आणि उडताना तो आवडता पांढरा शर्ट नको, गडद रंगाचा घाल. पांढऱ्याचं प्रतिबिंब कॅनोपीत पडतं आणि त्यामागे दुसरं विमान लपतं. नाकाखाली छोटा कॅमेरा लावायचा तुझा विचार चांगला आहे. टॅक्सीला मदत होईल. पण त्याच्या भरवशावर उतरू नकोस, त्याच्यावर चिखल उडतो.

तुला वाटतं हे सगळं फार आहे, आपल्यानं व्हायचं नाही. अगं, कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. त्याआधी दोन करून पाहिली होती, म्हणून त्याचं नाव टीएसी-००३. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी ते पाहिलं, नोंदणी मिळून ते व्हीटी-एनएमडी झालं २०१७ च्या नोव्हेंबरात, आणि धुळ्याला उडालं २०२० मध्ये. मधली वर्षं कागदांची होती. म्हणून नोंदणी आणि परवानगी देणाऱ्या डीजीसीएचा पत्रव्यवहार आजपासूनच एका फाइलला लाव, बदललेल्या सीटचं ड्रॉइंगही त्यात घाल. आणि मुंबईची आरोही पंडित २०१९ च्या मे महिन्यात सायनस नावाच्या चिमुकल्या विमानातून एकटी अटलांटिक ओलांडून गेली, स्कॉटलंडहून आइसलँड, ग्रीनलँड करत कॅनडापर्यंत. तिच्या विमानाचं नाव माही. छोट्या विमानात एकटीनं बसून लांबचं बघणारी तू पहिली नाहीस.

तेव्हा रविवारी प्लायवुड आण. सांगाड्यात बसून चार मापं घे आणि मला पाठव: डोळा ते कड आडवं, डोळा ते कड उभं, डोळा ते जमीन, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर गुडघा किती वाकलेला राहतो. स्टिक पूर्ण मागे ओढून डावीकडे-उजवीकडे फिरव, ती मांडीला अडते का तेही लिही. अडत असेल तर उशीची जाडी ठरवण्याआधी आपण फोनवर बोलू.